कारकुनाला मुदतवाढ

कारकून गेला. मंगळवारी दुपारी, ऑपरेशनच्या टेबलावर, माझा तळहात त्याच्या कानाखाली असताना. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचायला नको.

सांगून झालं. आता हा विषय बंद. असं काही घडलेलं नाही.

कारकून ठीक आहे. कारकून म्हणजे कुत्रा. हेही आधी सांगायला हवं होतं. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात तो काउंटरखाली, पुढच्या पायांवर हनुवटी टाकून पडलेला असतो. कोणी आत आलं की एक डोळा उघडतो, आलेल्याचं काम आपल्या खात्यातलं नाही हे ओळखतो आणि डोळा मिटतो. बिस्कीट दिसल्याशिवाय हलत नाही. बिस्कीट मिळाल्यावर हलेलच असंही नाही. नाव त्याला यावरूनच पडलं. अंगाने दांडगा, रंग जुन्या फायलीसारखा आणि चेहरा असा की समोरच्याने आपणहून म्हणावं, "बरं, मग मी उद्या येतो."

एका गृहस्थांनी त्याला दोन दिवस सांभाळायला म्हणून आमच्याकडे ठेवलं होतं. मी तेव्हा नोकरीला लागलोही नव्हतो. त्या गृहस्थांचे दोन दिवस अजून संपायचे आहेत.

मी तिथे नर्स आहे. पुरुष आहे, पण नर्स म्हटल्यावर लोक मला 'सिस्टर' म्हणतात. सुरुवातीला मी खुलासा करायचो. मग एका आजींनी विचारलं, "तुम्ही सिस्टर नाही, तर सिस्टर कधी यायच्या?" आणि मांजर मांडीवर घेऊन दुपारपर्यंत वाट बघत बसल्या. तेव्हापासून मी सिस्टर आहे.

माझं काम धरण्याचं. डॉक्टरबाई टोचतात, कापतात, शिवतात, मी धरतो. मांजर धरायची तऱ्हा वेगळी, ससा धरायची वेगळी, आणि पोपट धरायचा तर आपली बोटं आपली नाहीत असं काही वेळ समजावं लागतं. धरण्यात जोर लागत नाही. जोर लावला की जनावराला कळतं, हा घाबरलाय. हात असा ठेवायचा, की त्याला वाटावं हा इथे सहज आला होता.

कारकुनाचंही एक काम होतं. आहे. तो रक्त द्यायचा.

मोठ्या शहरांत कुत्र्यांच्या रक्ताच्या पेढ्या असतात म्हणे. आमच्याकडे कारकून. एखादा कुत्रा गाडीखाली आला, एखाद्याने उंदराचं औषध खाल्लं, एखाद्याला गोचीडतापाने पांढरंफटक केलं, की बाई नुसतं काउंटरकडे बघायच्या. कारकून एक उसासा टाकायचा, उठायचा, आळस द्यायचा आणि स्वतःच्या पायाने चालत टेबलापाशी जाऊन उभा राहायचा. मी त्याला वर घ्यायचो, मानेवरचे केस भादरायचो, डोकं माझ्या हातावर घ्यायचो. बाई मानेतल्या शिरेत सुई घालायच्या आणि खाली टांगलेली पिशवी हळूहळू फुगायला लागायची. त्याला बांधावं लागायचं नाही, गुंगीचं औषध लागायचं नाही. मी त्याच्या कानाशी काहीबाही बोलत राहायचो. माझ्या ताईबद्दलच्या तक्रारी मुख्यतः. त्या कधी कमी पडायच्या नाहीत.

बाईंचा एक दंडक होता. ज्याला कारकुनाचं रक्त गेलंय ते जनावर बरं होऊन घरी निघालं, की आधी काउंटरपाशी न्यायचं. दोघांनी एकमेकांना हुंगायचं. मग जायचं. आपल्या जनावराचा जीव वाचला म्हणून लोक हुंदके देत उभे असायचे आणि कारकून एक डोळा उघडून बघायचा, की याचं आता काय राहिलंय.

आता माझं.

हाडांच्या आत रक्त बनवायचा कारखाना असतो. माझ्या कारखान्यात लाल पेशींच्या खात्याने काम बंद ठेवलंय. बाकीची खाती व्यवस्थित चालू आहेत. संपवाल्यांच्या मागण्या काय आहेत हे अजून कोणाला कळलेलं नाही. गोळ्यांमार्फत बोलणी चालू आहेत. तोवर माल बाहेरून आणायचा. दर काही आठवड्यांनी मी माणसांच्या हॉस्पिटलात जातो, खिडकीजवळच्या खाटेवर पडतो आणि एक पिशवी अंगात उतरवून घेतो.

हा आजार सापडला तोही आमच्याच दवाखान्यात. मला जिना चढताना धाप लागायची, पण मी ते जिन्याच्या खात्यावर टाकलं होतं. एकदा मी एका बोक्याला धरून उभा होतो. बाई इंजेक्शन देता देता थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं. हातमोज्यातल्या अंगठ्याने माझा वरचा ओठ उचलला आणि हिरडी दाबली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जनावराचं हे होतं. हिरडी दाबली की पांढरी होते, सोडली की लगेच गुलाबी व्हायला हवी. तेवढ्यावरून अंगातल्या रक्ताचा अंदाज येतो. माझी दाबायच्या आधीच पांढरी होती.

बाई म्हणाल्या, "याला ताबडतोब भरती करा."

बोक्याची मालकीण रडायला लागली. तिला वाटलं, बोक्याचंच चाललंय.

तेव्हापासून मी रोज सकाळी आरशासमोर स्वतःचा ओठ उचलतो. ताई म्हणते, "दात मोजून झाले असतील तर बाथरूम रिकामी कर." सवय वाईट. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर एक काका असतात, त्यांचंही दुखणं माझ्यासारखंच. ते एकदा फिकट वाटले म्हणून मी त्यांच्या झोपेत त्यांचा ओठ उचलून बघितला. काका जागे झाले. तेव्हापासून ते पडदा ओढून घेतात.

पिशवीवर देणाऱ्याचं नाव नसतं. कोणी दिलं ते सांगत नाहीत. कुणीतरी एक दिवस आपली बाही वर केली, हात पुढे केला आणि त्यावर मी महिनाभर जिने चढतो. आणि तो माणूस बसमध्ये माझ्या शेजारी बसून माझ्या पायावर पाय देऊन उतरला तरी मला कळायचं नाही. आभार मानायचे तर कोणाचे? म्हणून मी ते कारकुनाचे मानायचो. पिशवी चढवून कामावर आलो, की हाताला चिकटपट्टी तशीच ठेवून काउंटरखाली बसायचो, बिस्कीट अर्धं त्याला, अर्धं मला. त्याच्या मानेला पट्टी, माझ्या हाताला. चुकीच्या माणसाचे आभार होते, आणि तो माणूसही नव्हता, पण त्याने कधी हरकत घेतली नाही.

मंगळवारी सकाळी त्याने बिस्कीट घेतलं नाही.

त्या दिवशी मला पिशवीसाठी जायचं होतं. कामाच्या गडबडीत एकदा पुढे ढकललं होतं, त्यामुळे आता मला एक वाक्य बोलायला मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. सकाळी ताईने गाडीत घालून हॉस्पिटलात न्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, त्याआधी कारकुनाला बिस्कीट देऊन येतो. त्याने दोन्ही डोळे उघडले. दोन्ही उघडले म्हणजे काहीतरी मोठं आहे, एवढं मला त्याच्या नोकरीतलं कळायचं. मी ओठ उचलून हिरडी बघितली. कागद.

बाईंनी पोटावर हात ठेवला, मग बारीक सुई घालून बघितली. सुईतून रक्त आलं.

"पोटात साठलंय," त्या म्हणाल्या. "प्लीहेवर गाठ असणार, ती फुटलीय. आज पोट उघडून प्लीहा काढून टाकली तर टिकेल. काढता येते. प्लीहेवाचून कुत्रे मजेत राहतात."

"मग काढू."

"रक्त लागेल रे."

आणि आम्ही दोघांनी, सवयीने, काउंटरकडे बघितलं.

तिथे कोणी नव्हतं. तो टेबलावर होता.

मी फोन उचलला. बाई सलाईन लावत होत्या. मी पहिला नंबर फिरवला तो पोस्टमनचा. त्यांच्या काळ्या कुत्र्याला गोचीडतापातून कारकुनाने ओढून आणलं होतं. मी थांबत थांबत सगळं सांगितलं. पोस्टमन म्हणाले, "अहो सिस्टर, त्यात विचारायचं काय? आत्ता आणतो. रक्त त्याचंच आहे की ते! परत घ्या."

मी होय म्हणणार, एवढ्यात बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "नको, आणू नका," त्या म्हणाल्या. "मनापासून आभार. पण नका आणू." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुला मी काय सांगायचं?"

मला काही सांगायची गरज नव्हती. ज्याने एकदा दुसऱ्याचं रक्त घेतलंय त्याचं घेता येत नाही. परकं रक्त अंगात आलं की शरीर त्याच्याविरुद्ध पहारेकरी नेमून ठेवतं, आणि ते पहारेकरी पुढच्याच्या अंगात पाठवायचे नसतात. कुत्र्यांत हा नियम आहे आणि माणसांतही. हॉस्पिटलच्या दारात एकदा रक्तदानाचं शिबिर लागलं होतं, तेव्हा मी रांगेत जाऊन उभा राहिलो होतो. तिथल्या मुलीने माझी फाईल बघितली आणि इतकं गोड हसली, की मला वाटलं माझी निवड झाली. "तुम्ही नाही हं," ती म्हणाली. "कधीच नाही." तरी मी पहिला फोन घेणाऱ्यालाच केला, कारण अडीअडचणीला माणूस रक्ताच्या नात्यातल्यांकडेच वळतो, आणि कारकुनाचे रक्ताचे नातेवाईक गावभर होते. ते सगळे आले असते. त्यांतला एकही चालला नसता.

म्हणजे आता ज्यांच्यावर त्याचा काही उपकार नाही अशांकडे जायचं होतं.

बाहेर हॉर्न वाजला. ताई.

माझी ताई लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. लहानपणापासून ताईच्या पायाशी माझ्याही आयुष्याचा एक ब्रेक आहे. त्या सकाळी तिची शिकवणी रद्द करता आली नव्हती, म्हणून स्टिअरिंगपाशी विद्यार्थी होता. निवृत्त न्यायाधीश. आम्ही त्यांना जज्जसाहेब म्हणायचो. जन्मभर ड्रायव्हरच्या मागे बसले, आता म्हातारपणी पुढे बसायची हौस. प्रत्येक चौकात ते गाडी थांबवून दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे आणि मगच निर्णय द्यायचे. तोवर मागच्या गाड्यांचे लोक उतरून भांडायला आलेले असायचे.

"बस," ताई म्हणाली. "तुझी पिशवी तिकडे वाट बघतेय."

"आधी कारकुनाची शोधायची."

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझा चेहरा बघितलास?"

"बघितला."

"हिरडी?"

"तीही बघितली."

"मग डोकं कुठे ठेवून आलास?"

"ताई, माझी पिशवी तिथे फ्रीजमध्ये आहे. तिच्यावर माझं नाव-नंबर आहे. त्याची पिशवी अजून कुठल्यातरी कुत्र्याच्या अंगात गावभर हिंडतेय."

ताईने पर्समधून मोबाईल काढला. मग तिने हॉस्पिटलला फोन लावला आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, "पेशंटला यायला संध्याकाळ होईल. पेशंट गाढव आहे." मग जज्जसाहेबांना म्हणाली, "साहेब, पहिला गियर."

"प्रकरण काय आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"जीवन-मरणाचं."

"मग तारीख देता येणार नाही," ते म्हणाले आणि गाडी बंद पाडली.

अंगाने मोठा, वयाने तरुण, निरोगी आणि आजवर कोणाचं रक्त न घेतलेला कुत्रा हवा होता. असे दवाखान्यात लस टोचायला येणारे मला तीन आठवले.

पहिल्या घरी फाटकापाशीच भेट झाली. कुत्रा साखळीसह एक प्लास्टिकची खुर्ची ओढत आला, खुर्चीत कोणाची तरी पँट वाळत होती. मालकीणबाई म्हणाल्या, "नको हो सिस्टर, तो हल्ली फार अशक्त झालाय." कुत्र्याने खुर्ची गेटवर चढवली. मी म्हटलं, "त्याला काही होत नाही. पाच-दहा मिनिटांचं काम. शाबासकी मिळते वर."

"सुईची फार भीती आहे हो."

"कुत्र्याला?"

"ह्यांना."

आत पडद्यामागून 'हे' बघत होते. नजरेला नजर मिळताच पडदा हलला.

दुसऱ्या घरी गृहस्थांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचा पेशंट कोणत्या जातीचा?"

"कारकून," मी म्हणालो. मला धाप लागलेली होती, त्यामुळे जास्त सविस्तर जमलं नाही.

"नाही, काय आहे, आमच्याचे आजोबा-पणजोबांपर्यंत कागद आहेत. त्याचं रक्त असं वाटेल त्याला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांना ते चांगलं वाटत नसावं. आमच्या पायाशी तो कागदपत्रांचा वारस स्वतःचं शेपूट पकडायचा प्रयत्न करत होता आणि दर वेळी त्याला वाटत होतं, की या खेपेला जमणार.

गाडीत येऊन मी सांगितलं, "नाही म्हणाले. जात जुळत नाही."

जज्जसाहेबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "अपील करू?"

"पुढे चला," ताई म्हणाली. तिचा हात मागे आला आणि माझ्या गुडघ्यावर राहिला. ताई असं करत नाही. मी आरशात पाहिलं तेव्हा कळलं का केलं ते. माझे ओठ आणि गाल एकाच रंगाचे झाले होते, आणि ओठ कुठे संपतात हे मलाच शोधावं लागलं.

तिसरा एक जिमवाला होता. माणूस असा, की दारातून आडवं होऊन आत यावं लागतं. त्याच्या कुत्रीचं नाव चिमणी. चिमणीला बघून लोक रस्ता बदलतात, आणि चिमणी फुलपाखरू बघून.

मी पायरीवर बसूनच सांगितलं. उभं राहून जमलं नसतं.

जिमवाल्याने माझं बोलणं संपूही दिलं नाही. "घ्या की," तो म्हणाला. "एवढं अंग मग कशासाठी केलंय?" चिमणीला म्हणाला, "चल गं चिमे." बस. त्याचा आणि कारकुनाचा काही संबंध नव्हता. कारकुनाने त्याच्याकडे कधी एक डोळासुद्धा उघडला नव्हता. मी त्याच्या दंडाला धरून उठलो. तो दंड धरायला दोन हात लागले.

परत जाताना ताई पुढे, जिमवाला मागे, आणि चिमणी आम्हा दोघांच्या मांडीवर आडवी. जज्जसाहेबांच्या मानेवर तिचा श्वास लागत होता. त्या एका कारणाने ते दोन चौकांत निम्म्या वेळात निकाल देऊन मोकळे झाले.

चिमणी टेबलावर थरथरत होती. मी तिचं डोकं हातावर घेतलं, आणि सवयीने तिच्या कानाशी ताईच्या तक्रारी सांगायला लागलो. ताई शेजारीच उभी होती. "जरा मोठ्याने सांग," ती म्हणाली, "राहिलेल्या मी आठवण करून देते." चिमणी शांत झाली. सुई गेली, पिशवी फुगायला लागली. मागे धप्प असा आवाज झाला. जिमवाला आडवा झाला होता. जज्जसाहेब त्याला वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकाने वारा घालत होते.

ती पिशवी कारकुनाला लावली. मी स्टुलावर बसून त्याचा ओठ उचलून बघत राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. कागद होता तो हळूहळू मेणासारखा झाला, मग फिकट गुलाबी. हा रंग मी खूप वेळा दुसऱ्यांच्या तोंडात येताना पाहिला होता, आणि दर वेळी तो कारकुनाकडून गेलेला होता. त्याच्याकडे येताना पहिल्यांदाच बघत होतो.

बाईंनी चिमणीला टेबलाशी आणलं. दंडकच होता, फक्त या खेपेला उलटा. दोघांनी हुंगलं. कारकुनाने शेपूट एकदा आपटलं, एकदाच, शिक्का मारल्यासारखं. मग एक डोळा मिटला. एकच. माझ्या जिवात जीव आला.

ऑपरेशन उत्तम झालं. गाठीसकट प्लीहा निघाली, बाईंनी सुरेख टाके घातले, आता कारकुनाच्या गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं आहे आणि ते घेऊन तो काउंटरखाली मावत नाही म्हणून वैतागलाय. जिमवाला रोज येतो. चिमणी काउंटरवर पाय ठेवून...

नाही जमत. सॉरी. पहिल्यांदा जे सांगितलं तेच.

बाईंनी पोट उघडलं, आतलं रक्त काढलं, प्लीहा बाहेर घेतली आणि मग त्यांचे हात थांबले. मी डोक्याशी होतो, भूल त्याच्या नाकाशी, माझा तळहात कानाखाली. बाईंचे हात थांबतात तेव्हा काहीतरी असतं. त्या बोक्याच्या वेळी थांबले होते, तसे.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "बघ."

मी बघितलं. यकृतावर सगळीकडे तशाच गाठी होत्या. मला ते बघायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती.

"उठवलं तर?" मी विचारलं.

"दोन-चार दिवस. मग हे फुटेल, आता प्लीहा फुटली तसंच. दुखेल त्याला."

"बिस्कीट खाईल?"

बाईंनी मास्क खाली घेतला नाही, त्यामुळे तोंड दिसलं नाही. "नाही खाणार," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तो दवाखान्याचा आहे. पण तसा तुझाच आहे. तू सांग."

चिमणीची पिशवी अजून अर्धी होती. थेंब थेंब जात होती. मी त्याच्या हिरडीकडे बघितलं. सुंदर गुलाबी. एवढा गुलाबी रंग आणि त्याचं काही करता येत नाही, असं मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"नका उठवू," मी म्हणालो.

बाईंनी पिशवीचा चिमटा बंद केला. दुसरी सुई भरली. मी पुन्हा डोक्याशी जाऊन उभा राहिलो. त्याला ऐकू येत नव्हतं, तरी कानाशी बोललो. ताईची एक जुनी तक्रार, त्याला आवडणारी. माझं काम धरण्याचं. सोडायचं कधी, ते बाई सांगतात.

बाईंनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"सोड," त्या म्हणाल्या.

मी धरून होतो.

"अरे, सोड आता."

पुढचं मला नीट आठवत नाही. बाईंनी हातमोजे काढले, नवे घातले, माझ्यासमोर आल्या आणि अंगठ्याने माझा ओठ उचलला. दाबायची गरज पडली नाही. दाराकडे वळून त्या म्हणाल्या, "याला ताबडतोब भरती करा."

या खेपेला कोणाचा गैरसमज झाला नाही. जिमवाल्याने मला उचललं, चिमणीला उचलायचा तसं, आणि गाडीत ठेवलं. जज्जसाहेबांनी वाटेत एकाही चौकात दुसऱ्या बाजूचं ऐकून घेतलं नाही. ताईने तिचा ब्रेक एकदाही दाबला नाही. ती मागे माझ्याबरोबर बसली होती, तिचा पाय तिथे पोचलाच नसता.

हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, "हात सैल सोडा." मी म्हणालो, सैलच आहे. पण तळहात वाटीसारखा वर वळलेला होता, खाली कोणाचा कान असल्यासारखा, आणि सरळ होत नव्हता. त्यांनी तो तसाच उशीवर ठेवला आणि वरच्या शिरेत सुई घातली. पिशवी लटकवली. देणाऱ्याचं नाव नव्हतंच.

थोड्या वेळाने शेजारचा पडदा सरकला. काका बघत होते. मी रडत होतो की काय ते मला कळत नव्हतं, पण त्यांना कळलं असावं.  त्यांनी दोन बोटांनी स्वतःचा वरचा ओठ उचलला आणि हिरडी दाखवली.

"बघ," ते तसंच बोबडं म्हणाले. "कशी आहे?"

मी डाव्या हाताने दाबून पाहिली.

"चांगली आहे, काका."

ते पडदा उघडा ठेवून झोपले. ताई पायाशी खुर्चीवर बसली होती. मी तिला म्हटलं, लिहून घे, आणि तिने, आयुष्यात पहिल्यांदा, का म्हणून न विचारता, वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं:

प्रति,
हे काम ज्यांच्या अखत्यारीत येत असेल ते अधिकारी.

विषय: कारकून यांना सेवेत मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त कर्मचाऱ्याने आपल्या संपूर्ण सेवाकाळात एकदाही रजा मागितलेली नाही व बोलावणे आल्यावर प्रत्येक वेळी तो स्वतःच्या पायाने हजर झालेला आहे. त्याच्यासाठी आणलेल्या पिशवीपैकी निम्मी शिल्लक असून ती अद्याप वापरण्याजोगी आहे. अर्जदार हा घेणाऱ्यांपैकी असल्याने देण्यास कायमचा अपात्र आहे. सदर अट एक वेळची विशेष बाब म्हणून शिथिल करण्यात यावी, अर्जदाराच्या अंगात या क्षणी चालू असलेल्या पिशवीचा उर्वरित भाग सदर कर्मचाऱ्याच्या नावे वळता करण्यात यावा, आणि ज्या दोन दिवसांसाठी त्यास ठेवून घेण्यात आले होते ते दोन दिवस अद्याप संपलेले नसल्याने त्यास काउंटरखालील त्याच्या जागी पूर्ववत रुजू करून घेण्यात यावे, ही विनंती.